काटकोनाची किल्ली : लंब सदिशांची गणिते सोडवावीत कशी?

बारावी विज्ञान शाखेच्या गणितात 'सदिश' हे प्रकरण आले की अनेक विद्यार्थी प्रथम बिचकतात. डोक्यावर रेघ ओढलेली अक्षरे, तीन-तीन घटकांचे कंस आणि दोन निरनिराळ्या प्रकारचे गुणाकार पाहून हे काहीतरी नवेच शास्त्र आहे, असा त्यांचा समज होतो. वास्तविक या प्रकरणातील बहुसंख्य गणिते एका साध्या प्रश्नाभोवती फिरतात. दोन दिशा एकमेकींशी काटकोन करतात का, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर देणारी कसोटी एका ओळीची आहे. ती कोठून आली हे एकदा उमगले, की निम्मे प्रकरण हातात येते.

मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलांपुढे आणखी एक अडसर असतो. दहावीपर्यंत 'लंब', 'चढ', 'निर्देशक' हे शब्द त्यांच्या सवयीचे असतात. अकरावी विज्ञानाला गेल्यावर तीच संकल्पना इंग्रजी नावाने समोर येते आणि येणारे गणितही न येणारे वाटू लागते. कर्जत, खालापूरसारख्या तालुक्यांतील मुलांना हा अनुभव विशेष जाणवतो. अभियांत्रिकी प्रवेशाची सामायिक परीक्षा मात्र कोणाचे माध्यम विचारत नाही. तेथे गणिताच्या प्रत्येक प्रश्नास दोन गुण असतात आणि सदिशांवरील प्रश्न हे थोड्या वेळात हमखास गुण देणारे म्हणून ओळखले जातात.

भिसेगावच्या दारातले उदाहरण

हा विषय समजून घेण्यासाठी भिसेगावइतके सोयीचे ठिकाण शोधून सापडणार नाही. कर्जत स्थानकाला लागून असलेले आणि कर्जत नगरपरिषदेच्या हद्दीत येणारे हे गाव बोरघाटाच्या पायथ्याशी वसले आहे. मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या कर्जतला थांबतात. प्रवाशांच्या लक्षात राहतो तो बटाटेवडा. पण गाडी थांबण्याचे मूळ कारण वेगळे आहे. येथे गाडीच्या मागे जादा इंजिने जोडली जातात. रेल्वेच्या भाषेत त्यांना 'बँकर' म्हणतात. पळसदरी, ठाकूरवाडी, मंकी हिल असा घाट चढून गाडी खंडाळ्याला पोहोचेपर्यंत ही इंजिने तिला मागून रेटत राहतात.

सन १८६३ मध्ये खुल्या झालेल्या या घाटमार्गाचा सर्वांत तीव्र चढ ३७ला १ असा आहे. म्हणजे आडव्या दिशेने ३७ मीटर पुढे गेल्यावर रूळ १ मीटर वर चढतात. सदिशांच्या भाषेत रुळांची दिशा (३७, १) अशी लिहिता येते. पहिला आकडा आडवा घटक, दुसरा उभा घटक. आता या रुळांना काटकोनात असणारी दिशा कोणती? उत्तर आहे (−१, ३७). हे उत्तर तोंडी कसे काढायचे आणि ते बरोबर आहे याची खात्री कशी करायची, हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

कसोटी येते कोठून?

ज्या राशीला केवळ परिमाण असते ती अदिश राशी. उदाहरणार्थ वस्तुमान किंवा तापमान. जिला परिमाणाबरोबर दिशाही असते ती सदिश राशी. जसे बल, वेग किंवा विस्थापन. प्रतलातील सदिश दोन घटकांनी, तर अवकाशातील सदिश तीन घटकांनी लिहिला जातो.

समजा, अ = (प, फ) आणि ब = (त, थ) हे प्रतलातील दोन सदिश एकाच बिंदूपासून निघतात. त्यांची टोके जोडली की त्रिकोण तयार होतो. त्याची तिसरी बाजू म्हणजे (प − त, फ − थ). अ आणि ब यांच्यामध्ये काटकोन असेल तर पायथागोरसच्या प्रमेयानुसार तिसऱ्या बाजूचा वर्ग हा उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असला पाहिजे. म्हणजेच,

(प − त)² + (फ − थ)² = प² + फ² + त² + थ²

डावी बाजू विस्तारून लिहिली की दोन्ही बाजूंचे सर्व वर्ग एकमेकांना छेदतात आणि केवळ −२(पत + फथ) = ० एवढे उरते. म्हणून काटकोनाची अट अशी :

पत + फथ = ०

सारख्या स्थानांवरील घटकांचा गुणाकार करायचा आणि आलेल्या गुणाकारांची बेरीज घ्यायची. या बेरजेलाच 'अदिश गुणाकार' म्हणतात. अवकाशात तिसऱ्या घटकांचा गुणाकार त्यात मिळवायचा, एवढाच फरक. तोच गुणाकार दुसऱ्या रीतीने, म्हणजे दोन्ही सदिशांची परिमाणे आणि त्यांच्यातील कोनाचा कॉस यांचा गुणाकार असाही लिहितात. ९० अंशांचा कॉस शून्य असल्याने दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

घाटातील उदाहरण पडताळून पाहू : ३७ × (−१) + १ × ३७ = −३७ + ३७ = ०. दोन्ही दिशा परस्परांना लंब आहेत.

गणितांचे प्रमुख प्रकार

परीक्षेत येणारी गणिते वरवर निराळी दिसली तरी ती पुढील सहा प्रकारांत मोडतात.

पहिला प्रकार : लंब आहेत का ते तपासा. (२, −३, ४) आणि (५, २, −१) हे सदिश घेऊ. अदिश गुणाकार १० − ६ − ४ = ०. म्हणून ते लंब आहेत. येथे चूक होते ती बहुधा ऋण चिन्हाची. प्रत्येक गुणाकार चिन्हासह स्वतंत्र लिहून मग बेरीज केल्यास ती टळते.

दुसरा प्रकार : अज्ञात घटक काढा. (३, म, −२) आणि (म, ४, ७) हे लंब असतील तर म ची किंमत किती? ३म + ४म − १४ = ०, म्हणून ७म = १४ आणि म = २. काही वेळा वर्गसमीकरण येते. (म, ३, −२) आणि (म, −म, −१) हे लंब असल्यास म² − ३म + २ = ०, म्हणजे म = १ किंवा म = २. दोन्ही उत्तरे ग्राह्य आहेत. एकच लिहून थांबल्यास गुण जातात.

तिसरा प्रकार : प्रतलात लंब सदिश शोधा. (प, फ) दिला असता घटकांची अदलाबदल करून एकाचे चिन्ह बदलावे. (−फ, प) हा लंब सदिश मिळतो. (३, ४) ला (−४, ३) लंब आहे. एकक सदिश मागितला असेल तर परिमाणाने भागावे. येथे परिमाण ५ असल्याने उत्तर (−४/५, ३/५). याच्या उलट दिशेचा (४/५, −३/५) हाही तितकाच बरोबर आहे.

चौथा प्रकार : दोन सदिशांना एकाच वेळी लंब असणारा सदिश शोधा. हा प्रश्न अवकाशातच अर्थपूर्ण ठरतो. अ = (१, २, ३) आणि ब = (२, १, ०) घेऊ. हवा असलेला सदिश (क्ष, य, झ) मानला तर क्ष + २य + ३झ = ० आणि २क्ष + य = ० ही दोन समीकरणे मिळतात. दुसऱ्यावरून य = −२क्ष. ती किंमत पहिल्यात ठेवली की −३क्ष + ३झ = ०, म्हणजे झ = क्ष. म्हणून (१, −२, १) हा उत्तराचा एक सदिश झाला. निश्चयकाच्या साह्याने सदिश गुणाकार केला तर (−३, ६, −३) येतो. तो याच सदिशाची −३ पट आहे, म्हणजे रेषा तीच. एकक सदिश हवा असेल तर √६ ने भागून धन आणि ऋण अशी दोन्ही उत्तरे द्यावीत.

पाचवा प्रकार : संयुक्त सदिशाची अट. अ = (२, १, २), ब = (−२, १, ४) आणि क = (२, २, ०) असून अ + मब हा क ला लंब आहे; तर म किती? येथे अ + मब चे तिन्ही घटक लिहीत बसण्याची गरज नाही. अ · क = ६ आणि ब · क = −२ एवढे काढले की ६ − २म = ०, म्हणून म = ३. पडताळा : अ + ३ब = (−४, ४, १४). त्याचा क शी अदिश गुणाकार −८ + ८ + ० = ०.

सहावा प्रकार : त्रिकोणाचा काटकोन सिद्ध करा. ग(१, १), घ(४, ५) आणि च(८, २) हे शिरोबिंदू आहेत. गघ = (३, ४) आणि घच = (४, −३). त्यांचा अदिश गुणाकार १२ − १२ = ०, म्हणून घ पाशी काटकोन आहे. येथे एक सापळा आहे. शिरोबिंदूंच्या निर्देशकांचाच थेट गुणाकार करणारे विद्यार्थी कमी नसतात. (१, १) आणि (४, ५) यांचा गुणाकार ९ येतो आणि त्रिकोण काटकोन नाही, असा चुकीचा निष्कर्ष निघतो. काटकोन बाजूंमध्ये असतो, म्हणून आधी वजाबाकी करून बाजूंचे सदिश काढणे अपरिहार्य आहे.

चढाचा नियम आणि त्याची मर्यादा

दहावीच्या निर्देशक भूमितीत रेषेचा 'चढ' शिकवला जातो. पुढे अकरावीत लंब रेषांच्या चढांचा गुणाकार −१ असतो, हा नियम येतो. घाटातील रुळांचा चढ १/३७ आणि त्यांना लंब रेषेचा चढ −३७. गुणाकार −१. हा नियम आणि सदिशांची अट यांत विरोध नाही. पत + फथ = ० या समीकरणाला पत ने भागले, की हाच नियम हाती लागतो.

मात्र भागाकार आला की शून्याची अडचण येते. उभ्या रेषेला चढच नसतो. त्यामुळे आडवी आणि उभी रेषा, म्हणजे काटकोनाची सर्वांत परिचित जोडी, त्या नियमात बसत नाही. सदिशांना ही अडचण नाही. (१, ०) आणि (०, १) यांचा अदिश गुणाकार सरळ शून्य येतो. शिवाय चढाचा नियम प्रतलापुरता आहे, तर सदिशांची कसोटी अवकाशातही तशीच चालते. अभ्यासक्रमात सदिश का आणले, याचे हे एक उत्तर आहे.

गाडीच्या वजनाचे दोन भाग

काटकोनाचा खरा उपयोग एखाद्या बलाचे दोन लंब भाग करताना दिसतो. समजा, १००० टन वजनाची गाडी ३७ला १ या चढावर उभी आहे. वजन सरळ खाली लागते, म्हणून ते (०, −१०००) असे लिहू. रुळांची दिशा (३७, १). दोहोंचा अदिश गुणाकार −१०००. रुळांच्या सदिशाचे परिमाण √(३७² + १²) = √१३७०, म्हणजे सुमारे ३७.०१. भागाकार केला की सुमारे −२७ येतो. याचा अर्थ असा, की गाडीला रुळांवरून मागे, उताराकडे ओढणारे बल सुमारे २७ टनांचे आहे. उणे चिन्ह दिशा सांगते, चूक नव्हे.

उरलेला भाग रुळांना लंब असतो आणि तो सुमारे ९९९.६ टन भरतो. तो रूळ पेलतात. येथे अनेक विद्यार्थी थबकतात. २७ आणि ९९९.६ यांची बेरीज १००० पेक्षा अधिक कशी? लंब भागांची बेरीज सरळ होत नाही, त्यांच्या वर्गांची बेरीज १००० च्या वर्गाइतकी होते, हे त्याचे उत्तर. पुन्हा पायथागोरसच.

अवघा दीड अंशाचा कोन, पण हजार टनांमागे २७ टनांची ओढ. घर्षण आणि वेगवाढ यांचा भार त्याहून वेगळा. बँकर इंजिने लागतात ती यासाठी. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई-सोलापूर 'वंदे भारत' मात्र बँकरविना घाट चढते. तिच्यासाठी गणित बदललेले नाही. तिच्या मोटारी एकाच इंजिनात नसून निरनिराळ्या डब्यांखाली विभागलेल्या असल्याने लागणारे बल गाडी स्वतःच पुरवते.

याच तालुक्यातील नेरळहून १९०७ मध्ये सुरू झालेली माथेरानची छोटी गाडी तर २०ला १ असा चढ चढते. तेथे रुळांची दिशा (२०, १) आणि लंब दिशा (−१, २०). घाटमार्गावर दर टनामागे सुमारे २७ किलोची ओढ असते, तर माथेरानच्या वाटेवर ती सुमारे ५० किलो भरते. विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहण्याजोगे आहे.

रूळ गाडीला जो लंब आधार देतात, तो तिला वर चढण्यास मदत करतो का? नाही. कार्य म्हणजे बल आणि विस्थापन यांचा अदिश गुणाकार. लंब बलाचे कार्य शून्य. डोक्यावर ओझे घेऊन सपाट फलाटावरून संथ गतीने चालणारा हमाल भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ओझ्यावर कार्य करीत नाही, हे पुस्तकातील चमत्कारिक वाटणारे विधान याच नियमातून आले आहे.

दोरीपासून सदिशांपर्यंत

काटकोन आखण्याची गरज गणिताच्या पुस्तकांहून जुनी आहे. घराचा पाया आखताना गवंडी एका बाजूवर ३ फूट, दुसऱ्या बाजूवर ४ फूट मोजतो आणि टोकांमधील अंतर ५ फूट येईपर्यंत दोरी सरकवतो. गुण्या आणि ओळंबा ही त्याची काटकोन तपासण्याची साधने. यज्ञवेदी रचण्याचे नियम सांगणाऱ्या बौधायनाच्या शुल्बसूत्रांत आयताच्या कर्णाविषयीचे तेच प्रमेय दोरीच्या भाषेत आले आहे.

आजचे सदिश तुलनेने नवे आहेत. आयर्लंडचे गणिती विल्यम रोवन हॅमिल्टन यांना १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनमधील एका पुलाजवळून जाताना 'क्वाटर्निअन' या संख्यांची कल्पना सुचली. 'व्हेक्टर' आणि 'स्केलर' हे शब्द गणितात रूढ झाले ते त्यांच्यामुळे. पुढे अमेरिकेत जोसाया विलार्ड गिब्ज आणि इंग्लंडमध्ये ऑलिव्हर हेविसाइड यांनी त्या अवघड रचनेतून अदिश गुणाकार आणि सदिश गुणाकार वेगळे काढले. गिब्ज यांच्या व्याख्यानांवर आधारलेले एडविन विल्सन यांचे पुस्तक १९०१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आज वर्गात दिसणारी मांडणी बव्हंशी तेथून आली. आता संगणक दोन मजकुरांतील साम्य मोजतानाही शब्दांचे सदिश करून त्यांच्यातील कोन पाहतो. तेथे सदिशांचे घटक शेकड्यांनी असतात, पण अदिश गुणाकाराची रीत हीच.

या चुका टाळा

अदिश गुणाकाराचे उत्तर ही संख्या असते, सदिश नव्हे. उत्तरपत्रिकेत शून्यावर रेघ ओढून 'शून्य सदिश' लिहिणे चूक आहे.

अ · ब = अ · क असल्यास ब = क, असे मानू नये. अ = (१, ०), ब = (३, २) आणि क = (३, ७) घेतल्यास दोन्ही गुणाकार ३ येतात; पण ब आणि क भिन्न आहेत. या समीकरणाचा खरा अर्थ ब − क हा अ ला लंब आहे, एवढाच.

शून्य सदिशाशी कोणत्याही सदिशाचा अदिश गुणाकार शून्यच येतो, पण शून्य सदिशाला निश्चित दिशा नसते. म्हणून कोनाविषयी बोलताना दोन्ही सदिश शून्येतर आहेत, हे नमूद करावे.

अ + ब आणि अ − ब यांची परिमाणे समान असतील तर शून्येतर अ आणि ब लंब असतात. भूमितीच्या भाषेत, ज्या समांतरभुज चौकोनाचे कर्ण समान तो आयत. हा प्रश्न निरनिराळ्या वेषांत विचारला जातो.

शब्दांची जोडी

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांनी पुढील जोड्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात. व्हेक्टर म्हणजे सदिश. स्केलर म्हणजे अदिश. मॅग्निट्यूड म्हणजे परिमाण. कॉम्पोनंट म्हणजे घटक. युनिट व्हेक्टर म्हणजे एकक सदिश. डॉट प्रॉडक्ट म्हणजे अदिश गुणाकार. क्रॉस प्रॉडक्ट म्हणजे सदिश गुणाकार. प्रोजेक्शन म्हणजे प्रक्षेप. स्लोप म्हणजे चढ. परपेंडिक्युलर किंवा ऑर्थोगोनल म्हणजे लंब. प्रश्नात शेवटच्या दोहोंपैकी कोणताही शब्द दिसला, की पहिली ओळ ठरलेली असते : अदिश गुणाकार बरोबर शून्य.

या प्रकरणाची आणखी एक जमेची बाजू आहे. येथे उत्तर बरोबर आहे की नाही, हे कोणालाही विचारावे लागत नाही. मिळालेली किंमत मूळ सदिशांत ठेवून पुन्हा गुणाकार करायचा. शून्य आले तर उत्तर बरोबर, न आले तर चिन्हे तपासायची. शिकवणी परवडत नसलेल्या किंवा वर्गात प्रश्न विचारण्यास संकोचणाऱ्या मुलासाठी याहून विश्वासू परीक्षक दुसरा नाही.